कापडाचा रंग आणि कांचेचा पडदा

सायंकाळच्या वेळीं चर्चगेटहून बोरिवलीकडे, किंवा छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसहून घाटकोपर-मुलुंडकडे धांवणाऱ्या लोकल गाडीच्या डब्यांत दृष्टि टाकली, तर बसलेला काय आणि उभा काय, बहुतेक प्रत्येक उतारू हातांतील लहानशा कांचेच्या पडद्याकडे पाहत असलेला आढळतो. त्या पडद्यावर अक्षरें उमटतात, चित्रें हलतात, परगांवीं असलेल्या मुलाचा चेहरा बोलूं लागतो. परंतु हा प्रकाश निघतो तरी कशांतून, हा प्रश्न फारच थोड्यांच्या मनांत येतो. त्याचें उत्तर मोठें नवलाचें आहे. आजच्या पुष्कळशा पडद्यांतील प्रकाश ज्या द्रव्यांतून निघतो, तीं द्रव्यें लुगडीं आणि छिटें रंगविणाऱ्या रंगद्रव्यांच्या कुळांतलीं आहेत. इतकेंच नव्हे, तर त्या प्रकाशाला उघडझांप करावयास लावणारें जें अतिसूक्ष्म साधन, ज्याला ट्रान्झिस्टर म्हणतात, तेंही त्याच कुळांतील द्रव्यांपासून बनवितां येतें, असें गेल्या चाळीस वर्षांत सिद्ध झालेलें आहे.

मुंबईला ह्या कथेविषयीं विशेष आस्था वाटावी असा तिचा इतिहास आहे. कावसजी नानाभाई दावर यांनीं ताडदेवास उभारलेली पहिली कापडगिरणी १८५६ च्या फेब्रुवारींत चालूं झाली. आणि त्याच वर्षीं लंडनमध्यें विल्यम हेन्री पर्किन ह्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला पहिला कृत्रिम रंग सांपडला. पर्किनला रंग नको होता. हिंवतापावरील क्विनीन प्रयोगशाळेंत तयार करावें, म्हणून तो कोळशाच्या डांबरांतून निघणाऱ्या द्रव्यांवर प्रयोग करीत होता. क्विनीन हातीं आलें नाहीं. काळा गाळ मात्र तळाशीं बसला, आणि तो मद्यार्कांत विरघळतांच सुंदर जांभळा रंग उतरला. पुढें १८६८ सालीं ग्रेबे आणि लीबरमान ह्या जर्मन रसायनज्ञांनीं डांबरांतील अँथ्रासीन नांवाच्या द्रव्यापासून मंजिष्ठाचा तांबडा रंग बनविला. १८९७ सालीं जर्मनींतील बाडिश कंपनीनें कारखान्यांत केलेली नीळ बाजारांत आणली, आणि बिहारांतील निळीची शेती हां हां म्हणतां मोडकळीस आली. निसर्गाचे रंग मागें पडले, डांबराचे रंग पुढें आले.

गिरणगांवांत ज्या वेळीं हे रंग पिंपांतून ओतले जाऊं लागले, त्या वेळीं रंगखात्यांत एक प्रश्न वारंवार विचारला जाई: रंग पक्का कीं कच्चा? उन्हानें विटतो काय, धुण्यानें उतरतो काय, घामानें पसरतो काय? कापडाची अब्रू ह्या उत्तरावर अवलंबून असे. हा प्रश्न शास्त्रीय रीतीनें सोडविणारीं माणसें ह्या शहरांत तयार व्हावीं, ह्यासाठीं मुंबई विद्यापीठानें १९३३ सालीं रासायनिक तंत्रविद्येचा विभाग स्थापन केला. त्याच्या आरंभींच्या दोन शाखांपैकीं एक कापडाच्या रसायनाचीच होती. माटुंग्याच्या ह्या संस्थेची धुरा १९३८ पासून १९५७ पर्यंत डॉ. के. वेंकटरामन यांनीं वाहिली. कृत्रिम रंगांच्या रसायनावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ सालीं निघाले, आणि १९७८ पर्यंत त्यांचे आठ खंड झाले. साऱ्या जगांतील रंगशास्त्रज्ञ तो ग्रंथ प्रमाण मानीत. पुढें ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. सारांश, रंगाच्या रेणूविषयींचें उत्तमांतलें उत्तम ज्ञान एका काळीं माटुंग्यास नांदत होतें.

आतां रंगाचा आणि विजेचा संबंध कसा, हें पाहिलें पाहिजे. रंगद्रव्याच्या रेणूंत कर्बाच्या अणूंच्या सांखळ्या किंवा कडीं असतात, आणि त्या अणूंमध्यें एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीनें येतात. अशा रचनेत कांहीं इलेक्ट्रॉन कोणा एका अणूच्या मालकीचे राहत नाहींत. एकत्र कुटुंबांतील मुलें जशीं साऱ्या वाड्यांत हुंदडतात, तसे ते साऱ्या रेणूवर वावरतात. अशा मोकळ्या इलेक्ट्रॉनांना हलविण्यास थोडी शक्ति पुरते. प्रकाशांतील कांहीं किरणांपाशीं तेवढी शक्ति असते. ते किरण रेणु शोषून घेतो, उरलेले परतवितो, आणि डोळ्यांना रंग दिसतो. जी मोकळीक रंग निर्माण करते, तीच विजेच्या प्रवाहाला वाट करून देऊं शकेल, हें अनुमान ऐकावयास सोपें वाटतें. परंतु कर्बाचीं संयुगें म्हणजे लाख, मेण, राळ, रेशीम; वीज अडविण्यासाठीं त्यांचा उपयोग करावा, ती वाहून नेण्यासाठीं नव्हे, अशी शास्त्रज्ञांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती.

ह्या समजुतीला पहिले तडे रंगांनींच पाडले. इटालियन शास्त्रज्ञ पोकेत्तिनो याला १९०६ सालीं असें आढळलें कीं, अँथ्रासीनच्या स्फटिकावर प्रकाश पडला म्हणजे त्यांतून थोडी वीज वाहूं लागते. १९२८ सालीं स्कॉटलंडांतील ग्रेंजमाउथच्या रंगाच्या कारखान्यांत एका भांड्याच्या आंतील थर तडकल्यामुळें एक अनपेक्षित निळें द्रव्य तयार झालें. थॅलोसायनीन ह्या नांवानें तें पुढें छपाईच्या शाईंत व रंगलेपांत सर्वत्र वापरलें गेलें. त्याच कुळांतील द्रव्यांत अल्पशी विद्युद्वाहकता आहे, असें १९४८ सालीं ब्रिटनमधील एली व रशियांतील वार्तान्यान यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें. दोनच वर्षांनीं तोकियो विद्यापीठांत आकामात्सु आणि इनोकुचि यांनीं व्हायोलांथ्रोन, पायरांथ्रोन इत्यादि द्रव्यांचें विजेचें मापन प्रसिद्ध केलें. हीं द्रव्यें म्हणजे सुती कापडासाठीं वापरावयाचे पक्के रंगच होत. १९५४ सालीं त्यांनीं पेरिलीन नांवाच्या द्रव्यांत ब्रोमीन मिसळून त्याची वाहकता पुष्कळच वाढविली. ज्यांतून वीज धातूंइतकी सहज वाहत नाहीं आणि कांचेइतकी अडतही नाहीं, त्या पदार्थांना अर्धवाहक म्हणतात. आणि कर्बाच्या संयुगांतील अर्धवाहकांना सेंद्रिय अर्धवाहक हें नांव पडलें.

तिकडे अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत १९४७ च्या डिसेंबरांत ट्रान्झिस्टरचा जन्म झालेला होता. बार्डीन, ब्राटेन आणि शॉकली ह्या तिघांना त्याबद्दल १९५६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ट्रान्झिस्टरच्या अनेक जातींपैकीं पडद्याच्या कामीं येणारी जात समजण्यास शाळेंतील एक प्रयोग पुरेल. कागदावर लोखंडाचा कीस पसरावा आणि कागदाखालीं लोहचुंबक धरावा. चुंबक किसाला शिवत नाहीं. तरी कीस एकत्र येऊन त्याची रांग बनते, आणि चुंबक दूर नेतांच ती रांग सैल पडते. ह्या ट्रान्झिस्टरांत अर्धवाहकाचा पातळ थर हा जणूं तो कीस, मधला विद्युद्रोधक थर हा कागद, आणि त्याखालील धातूची पट्टी हा चुंबक. पट्टीला विजेचा दाब दिला कीं अर्धवाहकांतील विद्युत्‌भार थराच्या कडेला गोळा होतात, एक वाट तयार होते आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे प्रवाह सुरू होतो. दाब काढला कीं वाट मोडते. थोडक्या दाबानें मोठ्या प्रवाहाला ये-जा करण्याची आज्ञा देणारें हें दार होय.

पडद्याला असल्या दारांची गरज कां पडावी? मुंबईंत दूरदर्शनचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या वेळच्या टेलिव्हिजनच्या पेटींत एक मोठी कांचेची नळी असे. तिच्या मागील टोकांतून इलेक्ट्रॉनांचा झोत निघून समोरच्या भुकटीवर आदळे आणि भुकटी चमके. ही युक्ति जर्मन शास्त्रज्ञ ब्राउन याची, आणि तीही कृत्रिम निळीच्याच वर्षाची, म्हणजे १८९७ ची. परंतु तो झोत साऱ्या पडद्यावर फिरविण्यास जागा लागे, म्हणून पेटीला पाठ असे. सपाट पडद्यांत असा झोत नसतो. त्याऐवजीं पडद्याचे लाखों चित्रबिंदु पाडून प्रत्येकाला स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. १,९२० उभ्या आणि १,०८० आडव्या रांगांचा पडदा घेतला, तर त्यांत २०,७३,६०० चित्रबिंदु होतात. प्रत्येकाचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग धरले, तर ही संख्या ६२,२०,८०० वर जाते. इतक्यांना एकाच वेळीं स्वतंत्र तारा जोडणें अशक्य. म्हणून चाळींतील टपालवाल्याची रीत पतकरली जाते. तो एकेका मजल्यावर क्रमानें जातो, त्या मजल्यावरील प्रत्येक खोलींत त्या त्या खोलीचें पत्र टाकतो आणि पुढें सरकतो. खोलीचें दार मिटतें आणि पुढच्या फेरीपर्यंत पत्र आंत सुरक्षित राहतें. पडद्यांत ही फेरी सेकंदास साधारण साठ वेळां होते. प्रत्येक खोलीचें दार म्हणजे एक ट्रान्झिस्टर. जेथें चित्रबिंदु स्वतःच प्रकाशतो, तेथें एका दारानें भागत नाहीं; पत्रांतील हुकुमाप्रमाणें प्रवाह अखंड चालूं ठेवणारा निदान एक तरी दुसरा ट्रान्झिस्टर लागतो.

हीं दारें आरंभीं सिलिकॉनचींच होतीं. स्कॉटलंडांतील डंडी विद्यापीठांत लकोंबर आणि स्पिअर यांनीं १९७९ सालीं अस्फटिक सिलिकॉनच्या पातळ थरांतून असे ट्रान्झिस्टर घडविले, आणि सपाट पडद्यांचा धंदा त्या पायावर उभा राहिला. परंतु तो थर बसविण्यास सुमारें ३०० अंश उष्णता लागे. कांच ती सोसते. साधें प्लॅस्टिक वितळतें. शाईसारखीं विरघळणारीं आणि बेताच्या उष्णतेंत पसरतां येणारीं अर्धवाहक द्रव्यें मिळालीं, तर पडदा कांचेवर घडविण्याऐवजीं कापडाप्रमाणें छापतां येईल, गुंडाळतां येईल, ही आशा येथून उगवली. सेंद्रिय अर्धवाहकांकडे साऱ्या जगाचे डोळे वळले ते ह्या आशेनें.

ह्या आशेला अनुकूल असें शास्त्रही त्याच सुमारास तयार झालें. जपानांत शिराकावा यांच्या प्रयोगशाळेंत एका सहकाऱ्याच्या हातून उत्प्रेरक द्रव्य हजारपट अधिक पडलें, आणि पॉलिअ‍ॅसिटिलीनचा धातूसारखा चकाकणारा पापुद्रा तयार झाला. १९७७ सालीं शिराकावा, मॅक्डायर्मिड आणि हीगर यांनीं त्यांत आयोडीनसारखें द्रव्य मिसळून त्याला जवळजवळ धातूच्या पंक्तीस नेऊन बसविलें. त्याबद्दल त्यांना २००० सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. १९८६ सालीं जपानच्या मित्सुबिशी कंपनींतील त्सुमुरा, कोएझुका आणि आंदो यांनीं पॉलिथायोफीनचा ट्रान्झिस्टर करून दाखविला. १९८७ सालीं अमेरिकेंतील कोडॅक कंपनींत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनीं सेंद्रिय द्रव्यांचे दोन अत्यंत पातळ थर एकमेकांवर ठेवून दहा व्होल्टांच्या आंत लख्ख हिरवा प्रकाश मिळविला. त्यापूर्वीं १९६३ सालीं मार्टिन पोप यांना अँथ्रासीनच्या स्फटिकांतून प्रकाश काढण्यासाठीं शेंकडों व्होल्ट खर्चावे लागले होते. तांग हे आधीं सूर्यप्रकाशापासून वीज काढण्याच्या प्रयत्नांत होते; १९८६ सालीं त्यांनीं त्यासाठीं वापरलेलीं दोन द्रव्यें म्हणजे तांब्याचें थॅलोसायनीन आणि पेरिलीनचें एक संयुग. रंगाच्या कपाटांतील बाटल्या विजेच्या प्रयोगशाळेंत कशा आल्या, ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण मिळणार नाहीं. १९९० सालीं केंब्रिज येथें बरोज, ब्रॅडली आणि फ्रेंड यांनीं लांब सांखळीच्या बहुवारिकांतूनही प्रकाश काढून दाखविला.

प्रकाशाचें काम असें झपाट्यानें पुढें गेलें. दाराचें काम मात्र मंदगतीनें चाललें. त्याचें कारण द्रव्याच्या स्वभावांत आहे. सिलिकॉनच्या स्फटिकांत अणु एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, आणि इलेक्ट्रॉन रुळांवरून गाडी जावी तसा धांवतो. सेंद्रिय थरांत रेणु शेजारीशेजारी नुसते टेकलेले असतात. ओढ्यांतील दगडांवरून उड्या मारीत पलीकडे जाणाऱ्या वाटसराप्रमाणें विद्युत्‌भाराला रेणूवरून रेणूवर उडी घ्यावी लागते. दगड नीट ओळीनें नसले कीं वाटसरू अडला. १९८६ च्या पॉलिथायोफीनमधील भाराची चपळता अस्फटिक सिलिकॉनच्या सुमारें लाखाव्या हिश्श्याइतकीच होती. रेणूंची मांडणी सुधारीत नेल्यावर १९९७ च्या सुमारास पेंटासीन ह्या द्रव्यानें अस्फटिक सिलिकॉनची बरोबरी केली आणि त्यास मागें टाकलें. अँथ्रासीनमध्यें कर्बाचीं तीन कडीं एका ओळींत असतात, पेंटासीनमध्यें पांच. मंजिष्ठाच्या रंगाचें मूळ द्रव्य आणि हें नवें द्रव्य एकाच घराण्यांतलें.

२००१ सालीं दोन शोधांनीं ह्या विषयाला कीर्ति मिळवून दिली. हॉलंडांतील फिलिप्स कंपनीनें ६४ गुणिलें ६४, म्हणजे ४,०९६ प्लॅस्टिकच्या ट्रान्झिस्टरांवर चालणारा पडदा दाखविला. आणि बेल प्रयोगशाळेनें इ-इंक कंपनीच्या साहाय्यानें २५६ ट्रान्झिस्टरांचा, कागदासारखा वांकणारा पडदा छापून काढला. परंतु कीर्तीबरोबर मोहही येतो. त्याच बेल प्रयोगशाळेंतील यान हेंड्रिक श्योन ह्या तरुण शास्त्रज्ञाचे सेंद्रिय स्फटिकांवरील निबंध त्या काळांत एकामागून एक प्रसिद्ध होत होते, आणि ट्रान्झिस्टरच्या जनकांच्या घरीं दुसरा चमत्कार घडला असें जग समजत होतें. इतर प्रयोगशाळांतील मंडळींना मात्र तसे परिणाम मिळेनात. कित्येक विद्यार्थ्यांचीं वर्षें त्या पाठलागांत वायां गेलीं. अखेर निरनिराळ्या निबंधांतील आलेख एकच आहेत, हें कोणाच्या तरी ध्यानांत आलें. माल्कम बीस्ली यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी होऊन २००२ च्या सप्टेंबरांत अहवाल बाहेर पडला, आणि २४ आरोपांपैकीं १६ बाबतींत श्योननें लबाडी केल्याचा निर्णय झाला. शास्त्राला हा मोठा धक्का होता. परंतु खोटें उघडकीस आणणारेही शास्त्रज्ञच होते, हें विसरून चालणार नाहीं.

धक्का ओसरल्यावर खरें काम पुन्हा चालूं झालें. २०१० सालीं सोनी कंपनीनें ४.१ इंची रंगीत पडदा तयार केला. त्यांत प्रकाश देणारें द्रव्यही सेंद्रिय आणि दार उघडणारा ट्रान्झिस्टरही सेंद्रिय. चार मिलिमीटर त्रिज्येच्या नळकांड्याभोंवतीं गुंडाळला असतांही त्यावरील चित्र हलत राहिलें. ज्या स्वप्नासाठीं वर्षानुवर्षें खटपट चालली होती, तें डोळ्यांसमोर साकार झालेलें दिसलें.

तरी बाजारानें निराळा निवाडा दिला. आज हातोहातीं दिसणाऱ्या ओलेड पडद्यांत प्रकाश सेंद्रिय द्रव्यांचा आहे. दारें मात्र बहुतेक सर्व सिलिकॉनचीं किंवा धातूंच्या ऑक्साइडांचीं आहेत. जपानच्या होसोनो यांनीं २००४ सालीं इंडियम, गॅलियम आणि जस्त यांच्या ऑक्साइडाचा ट्रान्झिस्टर थंड स्थितींतच प्लॅस्टिकवर बसवून दाखविला. तो चपळही होता आणि टिकाऊही. शिवाय अधिक उष्णता सोसणारें प्लॅस्टिकही निघालें. केंब्रिजच्या संशोधनांतून २००० सालीं निघालेल्या प्लॅस्टिक लॉजिक कंपनीनें जर्मनींत ड्रेस्डेनला कारखाना उभारला, २०१० च्या जानेवारींत प्लॅस्टिकच्या पडद्याची वाचनपाटी जाहीर केली, आणि त्याच वर्षीं ती विक्रीस न आणतांच मागें घेतली. सेंद्रिय ट्रान्झिस्टर हरला तो बुद्धीच्या उणिवेनें नव्हे. त्याचें दुखणें तेंच, जें गिरणीच्या रंगखात्याला ठाऊक होतें: कच्चेपणा.

हवेंतील प्राणवायु, पाण्याची वाफ आणि प्रखर प्रकाश हे तिघे रंगाचे जुने वैरी. तेच सेंद्रिय अर्धवाहकाचेही वैरी आहेत. ओलेड पडद्याच्या वेष्टणांतून, दर चौरस मीटरमागें, दिवसाला एका ग्रॅमच्या दशलक्षांश भागाहून अधिक बाष्प आंत जातां कामा नये, इतकें कडक बंधन कारखानदारांना पाळावें लागतें. ज्या उपनगरांत सांताक्रूझच्या वेधशाळेनें २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, तेथील लोकांना ओलावा कोठकोठें शिरतो हें सांगावयास नको. शिवाय तांबडा, हिरवा आणि निळा ह्या तिन्हींत निळा प्रकाश देणारें द्रव्य सर्वांत आधीं थकतें, कारण निळ्या किरणाला अधिक शक्ति लागते आणि ती शक्ति रेणूचे बंधच सैल करते. सेंद्रिय द्रव्यांचा पडदा मोठा किंवा महाग आहे, ह्यापेक्षां तो पक्का आहे कीं नाहीं, हाच अखेरचा सवाल ठरतो.

आतां पवईकडे वळावयाचें. अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड ह्यांच्या मधोमध, तलावाच्या कांठीं जी भारतीय तंत्रविद्या संस्था उभी आहे, तिची पहिली बिऱ्हाडाची जागा कापडाच्याच घरांत होती. १९५८ च्या जुलैंत तिचे पहिले शंभर विद्यार्थी वरळीला, कृत्रिम रेशमाच्या गिरण्यांनीं चालविलेल्या सास्मिरा ह्या संशोधनसंस्थेच्या इमारतींत शिकूं लागले. पंडित नेहरूंनीं पवईची कोनशिला बसविली ती १० मार्च १९५९ रोजीं. पुढें १९७३ सालीं अंधेरीस इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठीं सीप्झ ही वसाहत स्थापन झाली. तिकडे १९८२ च्या जानेवारींत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरणगांवाचीं धुराडीं एकेक करून थंडावलीं. एका उद्योगाची संध्याकाळ आणि दुसऱ्याची पहांट ह्या शहरानें एकाच पिढींत पाहिली. परंतु रंगाचें ज्ञान एकीकडे राहिलें आणि विजेचें दुसरीकडे.

हीं दोन टोकें पवईस पुन्हा एकत्र आलीं, तीं अगदीं निराळ्या कामासाठीं. २००६ सालीं तेथें केंद्र सरकारच्या साहाय्यानें अतिसूक्ष्म इलेक्ट्रॉनिकीचें केंद्र निघालें. विद्युत् अभियांत्रिकीचे प्राध्यापक रामगोपाल राव आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक अनिल कुमार यांच्या विद्यार्थ्यांनीं पॉलिथायोफीनच्या कुळांतील द्रव्यांत तांब्याचें पॉर्फिरीन मिसळून सेंद्रिय ट्रान्झिस्टर बनविले. पॉर्फिरीन हें थॅलोसायनीनचें चुलत भावंड. स्फोटक द्रव्यांची किंचित् वाफ अशा ट्रान्झिस्टरला लागली कीं त्यांतून वाहणारा प्रवाह बदलतो. २०१० सालीं हें काम प्रसिद्ध झालें. राव यांच्या गटानें किरणोत्सर्गाचा एकूण मारा मोजण्यासाठींही असेच ट्रान्झिस्टर वापरले. पडद्यांत जो दोष म्हणून गणला गेला, तोच येथें गुण ठरला. बाहेरच्या वाऱ्यानें चटकन् बिघडणारें द्रव्य पडद्याला निरुपयोगी. पण वाऱ्यांत काय मिसळलें आहे, हें सांगण्यास त्याच्यासारखा साक्षीदार नाहीं. १३ मार्च २००३ रोजीं मुलुंड स्थानकांत, त्याच वर्षीं २८ जुलैला घाटकोपरास आणि ११ जुलै २००६ रोजीं पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत ज्या शहरानें स्फोट सोसले, त्या शहरांत ह्या संशोधनाचें महत्त्व समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

कच्चेपणाचा असा उपयोग झाला. पक्केपणाच्या शोधाची हकीकत आणखी मनोरंजक आहे. २०१२ सालीं ऑस्ट्रियांतील लिंझ विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनीं ट्रान्झिस्टरसाठीं नवें द्रव्य न घडवितां जगांतील एक अतिप्राचीन रंग उचलला. तो म्हणजे नीळ. निळीचे रेणु हायड्रोजनच्या बंधांनीं एकमेकांचा हात धरून राहतात. म्हणूनच ती पाण्यांत विरघळत नाहीं आणि कापडावर वर्षानुवर्षें टिकते. त्याच हातधरणीमुळें निळीचे ट्रान्झिस्टर उघड्या हवेंतही बराच काळ टिकले. त्यांची चपळता अस्फटिक सिलिकॉनच्या शतांश भागाच्या आसपास आहे, पण टिकाऊपणांत ते अनेक नव्या द्रव्यांना भारी ठरले. ह्याच शास्त्रज्ञांनीं ट्रान्झिस्टरच्या बैठकीसाठीं आणि विद्युद्रोधक थरासाठीं लाखेचाही उपयोग केला. नीळ आणि लाख हीं दोन्ही भारताच्या जुन्या व्यापाराचीं नांवें. तीं विद्युत्‌शास्त्रांत आलीं तीं मात्र लिंझमार्गें.

ह्या इतिहासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. तोकियोंत रंगाचे जाणकार विजेचें मापन करूं लागले, कोडॅकमध्यें छायाचित्रांच्या रंगांत मुरलेले लोक दिव्याकडे वळले, लिंझला भौतिकशास्त्रज्ञांनीं रंगाऱ्याची बरणी उघडली. जेथें दोन विद्या एका ओटीवर बसल्या, तेथें नवें कांहीं जन्मलें. माटुंगा आणि पवई ह्यांमध्यें अंतर आहे तें कांहीं थोड्या मैलांचें. वेंकटरामन यांच्या ग्रंथांतील रेणूंना विजेचा दाब देऊन पाहावा, असें वेळेवर सुचण्यासाठीं सोन्याची खाण लागत नव्हती; शेजारच्या घराचें दार ठोठावण्याची संवय लागत होती. २०२१ च्या डिसेंबरांत भारत सरकारनें अर्धवाहक आणि पडदे यांच्या कारखान्यांसाठीं ७६,००० कोटि रुपयांची योजना जाहीर केली. पैशानें इमारती उभ्या राहतील आणि यंत्रेंही येतील. निळा प्रकाश देणारें द्रव्य दीर्घकाळ कसें टिकवावें, ओलाव्यांत सेंद्रिय ट्रान्झिस्टर कसा जगवावा, हें मात्र यंत्रें विकणारा शिकवीत नाहीं. तें ज्ञान रंग ओळखणाऱ्याच्या हातांत आणि वीज ओळखणाऱ्याच्या डोक्यांत अर्धेंअर्धें वांटलेलें आहे. रंगखात्यांतील जुना जाणकार कापडाचा तुकडा उन्हांत धरून जो प्रश्न विचारीत असे, तोच आज पवईच्या प्रयोगशाळेंत पडद्याच्या तुकड्याला विचारला जात आहे, आणि त्याचें पुरतें उत्तर अद्याप जगांत कोणापाशींच नाहीं.